तहसीलमध्ये महसूल सहायक म्हणून रुजू होतेय, पावसाळ्याआधी काय शिकून घेऊ?

नवी_रुजू
नमस्कार मंडळी. आयोगामार्फत निवड होऊन रत्नागिरी जिल्ह्यातलं एक तहसील कार्यालय मिळालंय. पद महसूल सहायक, रुजू व्हायचंय मेअखेर. म्हणजे खुर्चीची ओळख होते न होते तोच १ जून आणि पावसाळी आपत्तीचा नियंत्रण कक्ष. कुठलं संकलन (म्हणजे कामाचं टेबल) देतील ते तिथे गेल्यावरच कळणार, पण आपत्तीचं काम कुणालाच चुकत नाही असं ऐकते. शुभेच्छा भरपूर मिळाल्यात, आता कामाचं सांगा. नवीन माणूस नेमका कुठे अडकतो? मराठी टंकलेखन येतं, एमएस-सीआयटी झालंय, बाकी पाटी कोरी.

आवक_जावक
पहिली गोष्ट, कार्यभार यादीशिवाय टेबल ताब्यात घेऊ नका. 'हे सगळं आता तुमचंच' म्हणून कपाटाची किल्ली हातात पडते. त्याऐवजी प्रलंबित प्रकरणांची यादी, नोंदवह्या किती, शिक्के कुठले, न्यायालयीन प्रकरणांच्या पुढच्या तारखा आणि माहिती अधिकाराचे पडून असलेले अर्ज एवढं कागदावर घ्या. त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोन्ही सह्या हव्यात. माहिती अधिकाराचे ३० दिवस अर्ज कार्यालयात आल्यापासून धावतात, तुम्ही रुजू झाल्यापासून नाही. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर ५ दिवसांत कलम ६(३) खाली हस्तांतरित करायचा असतो. नवे लोक नेमके इथे चुकतात. 'आपला विषय नाही' म्हणून अर्ज बाजूला ठेवतात आणि महिन्याने अपील समोर येतं.

मग टेबल सहा गठ्ठ्यांत लावा. आज ज्यावर काम करायचंय ती प्रकरणं पहिल्यात. ज्यांत कुणाचं तरी उत्तर यायचंय ती प्रतीक्षेत. ठरावीक तारखेला जाणारी विवरणपत्रं म्हणजे नियतकालिकं तिसऱ्यात. चौथा गठ्ठा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात जाणाऱ्या निकाली प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. इंग्रज अमलातल्या अँडरसन साहेबाच्या काळापासूनची पद्धत आहे, पण वरिष्ठाने 'ते पत्र कुठंय' विचारल्यावर अर्ध्या मिनिटात काढून देते.

प्रतीक्षेतला गठ्ठा दर सोमवारी चाळा. त्यात स्मरणपत्र न गेलेलं प्रकरण दिसलं की समजा ते तुमच्याच टेबलावर अडलंय, समोरच्याच्या नाही.

टाचणी
सहा गठ्ठ्यांना +१. टिप्पणीचंही, म्हणजे साहेबांपुढे प्रकरण मांडायच्या टिपणाचंही सांगते. चार गोष्टी हव्यात: काय आलंय, आधी काय झालंय, नियम काय म्हणतो आणि तुमचा प्रस्ताव काय. शेवटी 'आदेशार्थ सादर'. 'योग्य तो निर्णय व्हावा' लिहून सोडलंत तर संचिका 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन संध्याकाळी परत येते. ज्या पत्राचा उल्लेख केलाय त्याला पताका (खुणेची चिठ्ठी) लावा आणि पान क्रमांक समासात लिहा. साहेबांना पानं उलटायला लावली तर सही उद्यावर जाते.

टिप्पणी आणि पत्रव्यवहार यांचे पान क्रमांक वेगळे. आणि क्रमांक रोजच्या रोज टाकायचे. पान गायब झालं हे क्रमांक नसेल तर सिद्धच होत नाही.

घाटावरचा
आता सगळीकडे ई-ऑफिस आलंय. गठ्ठे बांधायचे रुमाल, पताका, टाचण्या हे शिकवून पोरीचा वेळ कशाला घालवता? स्कॅन करायचं, संगणकावर टिप्पणी लिहायची, संपलं.

जांभा_दगड
घाटावरचा, एक जुलै महिना आमच्याकडे काढा, मग बोलू. :)

ई-ऑफिस चांगलंच आहे. संचिका कुणाकडे किती दिवस पडली ते लपत नाही. २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायद्यात एका टेबलावर ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त संचिका राहू नये असं आहे, ते आता पडद्यावर दिसतं. पण कुळकायद्याची, खोतीची जुनी प्रकरणं कागदावरच आहेत. माणूस १९५० च्या दशकातला फेरफार मागायला येतो तेव्हा अभिलेख कक्षात शिरावंच लागतं. वर्गवारी पाठ करा: 'अ' कायमचं, 'ब' ३० वर्षं, 'क-१' १० वर्षं, 'क' ५ वर्षं, 'ड' १ वर्ष. रुमाल अनुक्रमे लाल, हिरवा, पिवळा ('क' गटाचे दोन्ही) आणि पांढरा.

आता कोकणातला कागद. हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत.
लोखंडी टाचणी एका पावसाळ्यात गंजते आणि कागदाला तांबडं भोक पाडते, म्हणून दोरीचा टॅग वापरायचा. प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात झेरॉक्स ठेवली तर ओलाव्यात अक्षरं प्लास्टिकला चिकटतात आणि कागद कोरा हातात येतो. प्रिंटरचा कागद एक रीम संपल्याशिवाय दुसरी फोडायची नाही. उघडी रीम दमट झाली की प्रिंटर एकाच वेळी चार कागद ओढतो आणि अडकतो. गोंद लावलेली पाकिटं आपोआप बंद होतात, म्हणून त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राची पट्टी घाला.
गठ्ठा भिजला तर उन्हात टाकू नका, कागद आकसून फुटतो. सावलीत पंख्याखाली, सुटा करून. ओला गठ्ठा प्लास्टिकमध्ये बांधला तर आठवड्यात बुरशी. रॅक भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतूनच येते. खालचा कप्पा जमिनीपासून निदान फूटभर वर हवा.

घाटावरचा
बरं बाबा, हरलो. पाकिटांचं खरंच माहीत नव्हतं.

वेंगुर्ल्याचो
ह्या सगळ्या ठीक आसा, पण पयलो पगार कधी गावतलो ता कोण सांगणा नाय. तवसर खानावळवाल्याशी गोड बोला!

टाचणी
वेंगुर्ल्याचो, हसण्यावारी नेऊ नका, ते खरंच आहे. सेवार्थ या पगाराच्या प्रणालीत नाव चढल्याशिवाय पगाराच्या देयकात नाव येत नाही. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं खातं, पॅन, आधार, निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज हे पहिल्या आठवड्यातच आस्थापनेकडे द्या आणि पोच घ्या. वेतनश्रेणी एस-६ म्हणजे मूळ १९,९००. सेवापुस्तकाचं पहिलं पान स्वतः वाचून सही करा. जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग तिथे चुकलं तर पुढे वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं.

तिसरी_पाळी
मूळ प्रश्न नियंत्रण कक्षाचा होता म्हणून सविस्तर लिहितोय.

फोन आला की लोक आधी घाबरलेले असतात. 'झाड पडलंय, रस्ता बंद' एवढंच सांगून फोन ठेवतात. नोंदवहीत नुसतं तेवढं लिहिलं तर पहाटे त्याचा काही उपयोग नाही. क्रम ठरवून घ्या: वेळ, सांगणाऱ्याचं नाव आणि मोबाईल, गाव, वाडी, जवळची खूण, काय झालं, माणूस किंवा जनावर अडकलंय का, तुम्ही कुणाला किती वाजता कळवलं, त्याने काय सांगितलं. शेवटचे दोन रकाने रिकामे असतील तर नोंद अर्धीच. नंतर चौकशी होते तेव्हा 'कळवलं होतं' याला किंमत नसते, 'कुणाला, किती वाजता' याला असते.

वाडी का महत्त्वाची? आपल्याकडे सुतारवाडी, बौद्धवाडी, मधलीवाडी जवळजवळ प्रत्येक गावात. गावांचंही तसंच: संगमेश्वर तालुक्यातच आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द आहेत. पथक चुकीच्या आंबेडला गेलं तर तासभर गेला.

रस्ता बंद असेल तर रस्ता कुणाचा ते आधी विचारा. राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषद यांची यंत्रं आणि माणसं वेगळी. भलत्याला फोन गेला की तो 'आमच्याकडे नाही' म्हणतो आणि जेसीबी उभा राहतो. भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावून रस्ते तीन रंगांत रंगवून ठेवा. पहिल्या पंधरवड्यात एवढं एकच काम केलंत तरी पुष्कळ.

फोन क्रमांकांची यादी कागदावर हवी. निसर्ग वादळात (३ जून २०२०) श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात वीज आणि मोबाईल मनोरे दोन्ही गेले, तेव्हा मोबाईलमधली यादी कुचकामी. प्रत्येक गावाचे दोन क्रमांक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे: पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसेवक, दुकानदार कोणीही चालेल. महावितरणचा त्या भागातला माणूस, आरोग्य केंद्र आणि होडीवाला हे तिघे यादीत हवेतच. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, तो तर पाठच.

बंदरावर
तिसरी_पाळी यांच्या यादीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक जोडा. घाटावरून आलेल्या लोकांना याचं महत्त्व चटकन कळत नाही. जगबुडी आणि वाशिष्ठी, दोन्हींची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर. पण नुसती पातळी पाहून भागत नाही. खाडीला भरती असली की नदीचं पाणी ओसरायला जागा नसते. शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीतच येतं. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पातळी नोंदवताना शेजारी भरतीची वेळही लिहा. भरती दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते.

बावटा (वादळाचा इशारा) कितीचा लागलाय ते बंदर कार्यालयाकडून, होड्या किती बाहेर आहेत ते मत्स्यव्यवसायकडून विचारायचं. १ जूनला बंदी सुरू झाली की होड्या किनाऱ्यावर असतात, खरी काळजी त्याआधीची. तौक्ते वादळ मे महिन्यातच आलं होतं.

नवी_रुजू
हे सोनं आहे, वही भरतेय. पाऊस किती झाला हे आकडे कोण देतं? तालुक्याची सरासरी काढायची असते ना?

तिसरी_पाळी
सरासरी काढा, पण तिच्यावर विसंबू नका. अतिवृष्टी महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला गावांचा गट) मोजतात: सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांत ६५ मिमी. तालुक्याची सरासरी ४० आणि एका मंडळात ११० असं रोज घडतं. वरिष्ठांकडे नुसती सरासरीच पाठवली तर त्या मंडळातल्या शेतकऱ्याची मदत अडते.

स्वयंचलित केंद्र बंद पडलं की साधं पर्जन्यमापक वापरतात. त्यात एक खाच आहे. २०० चौरस सेंमी तोंडाच्या मापकाला ४ लिटरची बाटली असेल तर ती २०० मिमीलाच भरते. पुढचं पाणी सांडतं आणि आकडा खोटा निघतो. जोराचा पाऊस असेल तर रात्री मधेच एकदा मोजून ओतायचं आणि सकाळच्या आकड्यात मिळवायचं. मोजपात्रही त्याच तोंडाच्या मापाचं हवं, १०० चौरस सेंमीचं पात्र २०० च्या मापकाला वापरलं की आकडा दुप्पट. नेमका २०० किंवा थोडासाच वर आकडा आला तर फोन करून विचारा, बाटली सांडली होती का?

वेंगुर्ल्याचो
६५ मिलिमीटराक अतिवृष्टी म्हणतत? आमच्याकडे त्येका श्रावणसर म्हणतत.

शून्य_बेरीज
आता तक्त्यांकडे येऊ. तुमचा निम्मा दिवस एक्सेलमध्ये जाणार आहे.

१) देवनागरी अंक टाकले तर एक्सेल त्यांना अक्षरं समजतो आणि बेरीज शून्य दाखवतो. तक्ता भरताना इंग्रजी अंक, छापताना हवं तर बदला. 'निरंक' (म्हणजे काही नाही) हा शब्द आकड्याच्या रकान्यात नको, ० टाका.
२) बँक खाते क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग भरा. नाहीतर पुढची शून्यं उडतात, आणि १५ अंकांच्या पुढचे अंक एक्सेल शून्य करून टाकतो. दिसायला क्रमांक बरोबर, पैसे परत.
३) बँकांची विलीनीकरणं झालीत. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी चालत नाही.
४) क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. ५ आर म्हणजे ०.०५. घाईत ०.५ लिहिलं की ५० आर झाले. या एका टिंबामुळे वसुलीच्या नोटिसा निघतात.
५) जुन्या फॉन्टमधला तक्ता आला तर परत पाठवा, युनिकोडच मागा.

आणि सर्वात मोठं: प्रत्येक तक्त्यावर 'दि. … रोजी … वाजेपर्यंत' लिहा. पावसाळी अधिवेशन याच दिवसांत असतं. तारांकित प्रश्न लागला की मंत्रालय, मग कोकण भवन (विभागीय आयुक्त), जिल्हाधिकारी, प्रांत अशा पायऱ्या उतरत दुपारी तुमच्याकडे पत्र येतं, 'आजच माहिती सादर करावी'. सकाळी पाठवलेल्या आकड्यात ३१२ घरं आणि दुपारच्या आकड्यात ३४०, वेळ लिहिलेली नसेल तर तफावतीचा खुलासा तुम्ही लिहीत बसाल. वेळ लिहिलेली असेल तर खुलाशाची गरजच नाही.

टाचणी
शून्य_बेरीज, एक दुरुस्ती. निरंक आकड्याच्या रकान्यात नको हे बरोबर, पण निरंक अहवाल मात्र पाठवायचाच. 'काही झालं नाही म्हणून काही पाठवलं नाही' हे वर 'अप्राप्त' म्हणून मोजलं जातं.

आवक_जावक
आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या सूचनांचं काय? अर्धं काम हल्ली गटावरच चालतं. आकडे गटावर टाका, हरकत नाही, पण तेच आकडे कार्यालयाच्या ई-मेलवरून त्याच दिवशी गेले पाहिजेत. गटावरचा संदेश जावक नोंदीत नसतो.

जांभा_दगड
इथे थोडा मतभेद. रात्री तीनला ई-मेल कोण उघडणार? आणीबाणीत गट आणि फोनच. सकाळी पाळी बदलताना रात्रीचं सगळं एकत्र करून एक ई-मेल, एवढं पुरे. प्रत्येक संदेशाला जावक क्रमांक देत बसलात तर फोन उचलायला कोण?

आवक_जावक
सकाळी एकत्र, मान्य. 'नंतर करू' मात्र अमान्य.

मधलीवाडी
पंचनाम्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. पंचनामा करतात ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, पण तपासून यादी करायची असते तुम्हाला. काय पाहायचं?

'घराचे नुकसान झाले' एवढाच मजकूर असेल तर परत पाठवा. पूर्णतः की अंशतः, पक्कं की कच्चं, किती टक्के हे हवं. अंशतः नुकसानाला निदान १५ टक्के लागतात. राज्य आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत अंशतः पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, पूर्णतः पडलेल्या घराला सपाटीवर १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,०००, गोठ्याला ३,०००. शासन कधी वाढीव दर देतं, जसे निसर्गनंतर बागांना हेक्टरी ५०,००० दिले होते. म्हणून यादी करण्याआधी त्या घटनेचा शासन निर्णय हातात घ्या, मागच्या वर्षीचा नको.
वर्णन मोजमापाचं हवं: किती कौलं, भिंत किती लांब-उंच, पत्रे किती. दोन पंच घरच्या नात्यातले नकोत. खाडाखोड असेल तिथे सही. फोटोत अक्षांश-रेखांश. कोऱ्या पंचनाम्यावर आधी सह्या घेऊन ठेवण्याची सवय काही ठिकाणी असते, त्यात सामील होऊ नका.

घरासाठी ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, नमुना ८ मागा. बरीच घरं सातबाऱ्यावर शोधून सापडत नाहीत.

आणि आपली खास अडचण: सामाईक सातबारा. आंबा-काजूची बाग एका भावाच्या वहिवाटीत, उताऱ्यावर नावं चाळीस, त्यातली तीस मुंबईत आणि काही मयत. मदत एकाच्या खात्यात जायची तर बाकीच्यांची संमती लागते. गणपतीत चाकरमानी गावाला येतात, तेव्हाच संमतीपत्रांवर सह्या करून घ्या असं गावात आधीच सांगून ठेवा. नंतर तो माणूस शिमग्यालाच भेटणार. वारस नोंद राहिली असेल तर ती प्रकरणं वेगळ्या यादीत काढा, नाहीतर एका नावासाठी सगळ्या गावाची यादी अडकते.

यादी संगणकावर चढल्यावर विशिष्ट क्रमांक येतो आणि लाभार्थ्याला आपले सरकार केंद्रात जाऊन ई-केवायसी करावी लागते. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत. अशांची नावं वेगळी काढून मंडळ अधिकाऱ्यांना द्या.

घाटावरचा
चाळीस नावं एका सातबाऱ्यावर? आमच्याकडे चार झाली तरी डोक्यावरून पाणी जातं.

मधलीवाडी
चाळीस ही तर लहान बाग. :)

नवी_रुजू
सगळ्यांचे आभार. आता थोडं व्यवहाराचं: रुजू होताना सोबत काय ठेवू? आणि पहिल्या पावसाळ्यात रजा मागितली तर चालते का?

आवक_जावक
नैमित्तिक रजा वर्षाला ८, हक्काची म्हणून मोजू नका, मंजूर झाली तरच. लाल इशारा असताना तर मुख्यालय सोडण्याचीही परवानगी लागते. गणपतीच्या रजेचं जुलैतच बोलून ठेवा, कारण कोकणात तेव्हा सगळ्यांनाच हवी असते.

टाचणी
स्वतःची विजेरी, दोन बॅटऱ्या, मोबाईलची पॉवर बँक, बॉलपेन (शाईपेनाचं अक्षर ओल्या कागदावर पसरतं) आणि कार्बन पेपर. हसू नका, वीज गेल्यावर दोन प्रती काढायला दुसरा उपाय नाही.

जांभा_दगड
खोली घ्याल ती पहिल्या मजल्यावरची आणि कार्यालयापासून पायी अंतरावरची. रात्रीच्या पाळीला रिक्षा मिळत नाही.

नवी_रुजू
आणि बूट की चप्पल?

वेंगुर्ल्याचो
चप्पल. बूट एकदा भिजले की दसऱ्यापर्यंत सुकणत नाय.